बिल्ला नंबर एकशे सतरा

वहाब मेला आहे हे वहाबला कळलं, तेव्हा त्याच्या तोंडात फुटाणे होते.

सन चौपन्नचा जून महिना. औरंगाबादच्या छावणीपलीकडच्या माळावर त्या गुरुवारी सकाळी एका दगडावरचा पडदा उठला. लढाईच्या दिवसांत ह्या माळावर गोऱ्यांची एक पलटण उतरली होती, जड बॉम्ब टाकणाऱ्या चार पंख्यांच्या विमानांची. गावाच्या तोंडी ती ‘बमपलटण’. तिच्यातलं एक विमान चव्वेचाळीस साली इथून उडालं ते परत आलंच नाही. पलटणीतल्या जगल्यावाचल्या लोकांनी विलायतेतून पत्रांवर पत्रं धाडली, आणि दहा वर्षांनी इथं काळा दगड उभा राहिला. दगडावर पितळी पत्रा, पत्र्यावर इंग्रजीत विमान गेल्याची तारीख आणि गेलेल्यांची नावं.

वहाबनं त्या दिवशी पैठण दरवाज्याजवळचं आपलं सायकलचं दुकान बंद ठेवलं होतं. ठेवणीतली शेरवानी चढवली होती. शेजारचा हॉटेलवाला रामकिसन म्हणाला, “काय वहाबभाई, दुसरं लगीन का?” तर छाती काढून म्हणाला, “हमारी पलटन का पत्थर लगरा है.” हमारी म्हणण्याचा हक्क त्याला होता. लढाईत दोन वर्षं तो त्या माळावर खलाशी होता. विमान उभं राहिलं की चाकाखाली लाकडी ठोकळे सारायचे आणि उडायच्या वेळी ओढून काढायचे, हे काम. दुकानात पंक्चर काढता काढता गिऱ्हाइकाला तो विमान समजावून सांगायचा: “पंख किती मोठा म्हणता? एक टोक इथं माझ्या दुकानात, तर दुसरं रामकिसनच्या भट्टीत. आणि आवाज? भुर्रर्र नाही हो, ते लहानाचं. ह्याचा आवाज पोटात व्हायचा.” ऐकणारा पोटावर हात ठेवायचा. पंक्चर निघेपर्यंत विमान उडून परत आलेलं असायचं.

भाषणं झाली. मोठे पाहुणे मोटारीत बसून गेले. मग राहिलेली गर्दी दगडाजवळ सरकली. त्यात आप्पासाहेब मास्तर होते. मास्तरांना रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, पण कुठलीही पाटी मोठ्यानं वाचल्याशिवाय त्यांना पुढं जाता येत नसे. मग ती दवाखान्याची असो की मुतारीची. वहाबनं त्यांना म्हटलं, “मास्तर, जरा वाचा की. मला इंग्रजी येत नाही. आमच्यातले कोण कोण गेले ते कळू द्या.”

मास्तरांना एवढंच हवं होतं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, घसा खाकरला आणि एकेक साहेब नाकातून बाहेर काढायला सुरुवात केली. प्रत्येक नावाआधी एक खाकरणं, नावानंतर गर्दीकडं एक नजर, जणू त्या साहेबाचा कान त्यांनीच धरलाय. वहाब फुटाणे खात मान डोलावत होता. हा लांबडा. हा लालबुंद. हा माउथऑर्गन वाजवायचा.

“आणि शेवटी,” मास्तर म्हणाले, “वहाब. खलाशी. अरेच्चा! वहाब, हा तर तुझाच नावभाऊ की रे!”

लोक हसले. वहाबही हसायला लागला होता.

“बिल्ला नंबर एकशे सतरा.”

वहाबचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. फुटाणे शेरवानीवर सांडले.

“मास्तर, नंबर पुन्हा वाचा.”

“एकशे सतरा. वन हंड्रेड अँड सेव्हंटीन. का रे?”

“माझाच नंबर आहे तो.”

मग काय विचारता! माळावर जत्रा भरली. “अरे मयताला पाणी द्या!” “वहाबभाई, वर सायकली आहेत का हो?” “शेरवानी कशाला घातली, कफन घालून यायचं!” रामकिसननं तर पुढं होऊन वहाबचं मनगट धरलं, डोळे मिटून नाडी पाहिली आणि वैद्याच्या आवाजात सांगितलं, “गेले बिचारे. चहाची उधारी तेवढी मागं राहिली.”

वहाबला त्यातलं काहीएक ऐकू आलं नाही. आपला बिल्ला त्या दिवशी कुणाच्या छातीवर होता, ते त्याला ठाऊक होतं.

*

बिडकीनचा पुंजाराम त्याच्याबरोबर ठोकळे ओढायचा. डाव्या चाकाला वहाब, उजव्या चाकाला पुंजाराम. दोघं एका उंचीचे, एका अंगाचे, उन्हानं सारखेच करपलेले. कामावर आलं की पितळी बिल्ला छातीला लावायचा आणि गोऱ्या कारकुनापुढून जायचं. कारकून तोंडाकडं बघतच नसे. आकडा बघायचा आणि वहीत रेघ मारायचा.

पहिल्या वर्षी पोळ्याला पुंजारामला सुट्टी मिळेना. घरी बैल बिनसजवलेले उभे, आणि हा माळावर लहान लेकरासारखा रडतोय. वहाबची त्या दिवशी सुट्टी होती. तो म्हणाला, “हात् वेड्या, तुझा बिल्ला इकडं दे. त्या गोऱ्याला काय कळतंय?” गोऱ्याला खरंच काही कळलं नाही. तेव्हापासून तो रिवाजच पडला. पुंजारामच्या सणाला वहाब पुंजाराम व्हायचा आणि वहाबच्या सणाला पुंजाराम वहाब व्हायचा.

चव्वेचाळीसच्या रमजान ईदला पुंजारामची आपली सुट्टी होती. त्यानं एकशे सतरा नंबर छातीला लावला आणि वहाबला म्हणाला, “जा, हाण शिरखुर्मा. पर येताना माझ्या वाटचा डबा आण. बदाम तूच खाऊन टाकशील, मला ठावं हाय.”

तिसऱ्या दिवशी वहाब डबा घेऊन आला, तो माळ मोकळा! विमानं नाहीत, तंबू नाहीत, कारकून नाही. एक चौकीदार राहिला होता. तो म्हणाला, सगळे पूर्वेकडं गेले, लढाईवर. ठोकळेवाल्यांतली काही माणसंही विमानात बसवून नेली. कुठलं विमान पडलं, कोण मेलं, ह्याची बातमी लढाईच्या दिवसांत कोण कुणाला सांगणार? वहाबनं समजून घेतलं, पुंजारामला नेलं. तसंच त्यानं बिडकीनला जाऊन पुंजारामच्या बायकोला, सरूबाईला सांगितलं. “विमानांबरोबर गेलाय वहिनी. लढाई संपली की येतो.”

लढाई संपली. रझाकारांचे दिवस आले आणि गेले, पोलीस ॲक्शन झाली, कचेरीतल्या पाट्या बदलल्या. पुंजाराम आला नाही. बिडकीननं त्याला कलकत्त्यात एक बायको करून दिली, मग दोन लेकरंही दिली. आणि सरूबाई सगळ्यांना एकच सांगायची, “खत येऊ द्या नायतर मढं येऊ द्या. तवर मी सवाशीण हाय.”

दर दोन-तीन महिन्यांनी वहाब सायकलवर बिडकीनला चक्कर मारायचा. सरूबाई अंगणातूनच ओरडायची, “आले का तुमच्या दोस्ताचे वकील? काय निरोप?” आणि वहाब सांगायचा, “येतोय वहिनी. निघालाय. वाटेत पंक्चर झालं असंल.” दहा वर्षं हाच विनोद, आणि दहा वर्षं ती त्याला हसायची.

*

दगड पाहून वहाब घरी आला तेव्हा त्याची बायको रईसा दारातच म्हणाली, “क्या हुआ जी? मय्यत में जाके आए सरीका मूँ कायकू किए?”

“मेरीच मय्यत थी,” वहाब म्हणाला आणि उंबऱ्यावरच बसला.

रईसानं सगळं ऐकलं. कपाळावर हात मारला. मग म्हणाली, “आजच जाव. उसकू बोल दो.”

“कैसा बोलूं? क्या बोलूं?”

“जो हुआ सो बोलो. तुम मारे क्या उसकू?”

वहाबनं शेरवानी उतरवून खुंटीला टांगली. शुक्रवारी तो गेला नाही. शनिवारी सायकल बाहेर काढली, हवा भरली, पुसली आणि परत आत ठेवली. दुकानावर टवाळी चालूच होती. “ओ मरहूम, जरा पंप द्या.” कुणीतरी खडूनं फळीवर लिहून गेलं, ‘येथे मेलेला माणूस मेलेली ट्यूब जिवंत करून देतो.’ एरवी वहाबनं ह्याच्यावर सवाई उत्तर दिलं असतं. आता तो ट्यूब पाण्यात बुडवून बसायचा, बुडबुडे यायचे, आणि भोक कुठं आहे ते बघायचंच राहून जायचं. रईसा रोज सकाळी विचारी, “गए क्या?” रोज संध्याकाळी विचारी, “गए थे क्या?” आठव्या दिवशी, जुम्म्याला, तिनं दुकानाच्या किल्ल्या आपल्या पदराला बांधल्या आणि सायकल त्याच्या हातात दिली.

सरूबाई अंगणात शेंगा फोडत होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात नवा चुडा.

“आले का वकीलसाहेब! लई दिसांनी. तोंड का असं? रईसाभाभीनं जेवाया घातलं नाय व्हय?” तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. “बसा. परवा यायचं व्हतं, फणसाचे गरे खाल्ले असते. वडाला गेलते ना मी. पाटलाची सून म्हणती कशी, ‘सरूमावशी, तू कुणासाठी गं फेरे मारतीस? ते कलकत्त्यात कुणाचं तरी झालं असंल.’ म्या म्हणलं, बये, तुझं घरात हाय ते तरी तुझं हाय का बघ आधी!”

ती खदखदा हसली. वहाबनं तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही. पाणी संपलं तरी रिकामा तांब्या तोंडाला लावून बसला.

“काय झालं?” सरूबाईनं विचारलं. आता ती हसत नव्हती.

वहाबनं सांगितलं. दगड, पत्रा, नंबर, ईद. सांगताना तो तिच्याकडं न बघता शेंगांच्या टरफलांकडं बघत होता. सांगून झाल्यावर त्यानं मान वर केली. ती तशीच बसली होती. बोटांत एक शेंग होती, अर्धी फोडलेली.

“विमान पडलं?”

“व्हय.”

“तवाच?”

“त्याच दिवशी. पत्र्यावर तारीख आहे, ईदचीच.”

“मंजी म्या दहा वर्षं...” ती थांबली. शेंग खाली ठेवली. “तुम्हाला कवा कळलं?”

“मागच्या हप्त्यात, गुरुवारी.”

सरूबाईनं हात वर केला आणि अंगठा बोटांवरून सरकवायला सुरुवात केली. “शुक्रवार. शनवार. आयतवार. सोमवार. मंगळवार. बुधवार.” बुधवारवर अंगठा थांबला. “बुधवारी पुनव व्हती. म्या नवं सूत घेतलं, उपास धरला, वडाला सात फेरे मारले. तुम्हाला ठावं व्हतं.”

वहाबनं एक टरफल उचलून परत खाली ठेवलं.

“तवा तुम्ही काय करीत व्हता?”

“दुकानात होतो.”

“दुकानात काय करीत व्हता?”

“पंक्चर काढत होतो, वहिनी.”

“दहा वर्षांचं मी काय बोलत नाय,” सरूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळं तो ऐकवेना. “तवा तुम्हालाच ठावं नव्हतं. ईदचं बी बोलत नाय. त्यांनी आपल्या हातानं बिल्ला लावला असंल, मला सोभाव ठावं हाय. पर आठ दिस? मेलेल्या माणसासाठी सात जल्म मागत व्हते मी, आन तुम्ही मला मागू दिलं?”

शेजारच्या अंगणातली सरूबाईची जाऊ, आवडाबाई, कुंपणावरून डोकावली आणि ऐकून धावतच आत आली. आल्या आल्या तिनं हंबरडा फोडला, “अगं माझ्या बाई गं!” आणि रीतीप्रमाणं सरूबाईच्या कपाळाकडं हात नेला. सरूबाईनं तो हात मनगटातच धरला.

“हात लावायचा नाय.”

“अगं पर सरू, आता...”

“आता काय? हे म्हणत्यात दगडावर नाव हाय. कुणाचं हाय? यांचं. वहाबभाईंचं. मंग रंडकी कोण झाली, मी का रईसाभाभी?”

आवडाबाईचा हंबरडा मधेच अडकला.

“ज्याचं मरान त्याच्या नावावर चढू द्या,” सरूबाई उठत म्हणाली. “मंग मी माझ्या हातानं पुसते. चला, मला दगड दावा.”

ती औरंगाबादच्या सर्व्हिस मोटारनं निघाली. वहाब त्या मोटारीच्या मागं धुरळ्यात सायकल हाणत राहिला, जणू मोटार सुटली तर सगळंच सुटणार होतं.

माळावर तेव्हा कुणीच नव्हतं. सरूबाईनं पितळी पत्र्यावर तळवा ठेवला. पत्रा उन्हानं तापला होता, तरी हात काढला नाही.

“यांचं नाव कुठंय?”

“नाही.”

“ही शेवटची वळ?”

“ती माझी.”

तिनं एकदा अक्षरांकडं पाहिलं, एकदा वहाबकडं. “तुम्ही तर हितं हुबे हाय,” ती म्हणाली. “मंग ते कुठं हाईत?”

*

दगडाची कागदपत्रं ज्या कचेरीत होती, तिथं नानासाहेब नावाचे हेडकारकून बसायचे. माणूस वाईट नव्हता, पण तीस वर्षं फायलींत राहून त्यांचा आवाजही फायलीसारखा झाला होता. फीत सोडल्यावर हळूहळू उघडायचा.

“अर्ज कशाबाबत?”

“दगडावर नाव चुकलंय साहेब.”

“कुणाचं?”

“माझं. वहाब वल्द गफूर. एकशे सतरा.”

नानासाहेबांनी यादीवर बोट फिरवलं. बोट खाली जाऊन थांबलं. “हे इसम मयत आहेत.”

“मीच आहे साहेब.”

“आपण मयत आहात हे आपल्याला मान्य आहे का?”

“नाही.”

“मग तशी हरकत नोंदवावी लागेल. पण मयताची हरकत मला घेता येत नाही.” नानासाहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. “बरं, जिवंत आहात असं धरून चालू. मग त्या दिवशी कामावर का नव्हता? सरकारी बिल्ला दुसऱ्याला दिलात? गुन्हा होतो हा. लिहून देता?”

दहा वर्षं वहाब ह्याच प्रश्नाला भीत आला होता. म्हणून तो पलटणीच्या माणसांना शोधायला कधी गेला नाही, की कुठल्या कचेरीची पायरी चढला नाही. पुंजारामचा शोध लागला नाही तो काही अंशी ह्या भीतीमुळंच. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आठ दिवस त्याला बिडकीनला जाऊ देत नव्हतं ते हेच. त्यानं सरूबाईकडं पाहिलं. ती भिंतीला टेकून खाली बसली होती आणि त्याच्याकडंच बघत होती.

“लिहा साहेब,” वहाब म्हणाला. “मी बिल्ला दिला. मी गैरहजर होतो.”

“कारण?”

“ईद होती.”

नानासाहेबांनी लिहिलं. मग मागच्या कपाटातून पलटणीनं सोडलेली जुनी यादी काढली, धूळ झटकली आणि दुसरं नाव शोधलं. “बिडकीनचा एक आहे इथं. रजेवर गेला, परत आला नाही. पुढं शेरा आहे, फरार.”

“फरार म्हंजी?” सरूबाईनं खालून विचारलं.

“म्हणजे... पळून गेला.”

सरूबाई उठून उभी राहिली. एवढा वेळ ती रडली नव्हती, आताही रडली नाही. पण तिचा चेहरा असा झाला, जणू कुणी भर बाजारात तिच्या थोबाडीत मारली. बिडकीन बोलत होतं ते ऐकून सोडून देता येत होतं. हे तर सरकारच्या वहीत होतं.

“खोडा ते,” ती म्हणाली.

“तसं नाही खोडता येत, बाई. वारसानं सांगावं लागतं. तुम्ही पत्नी? मग तुमच्या तोंडून जबाब पाहिजे. विमानात कोण होतं, त्याचं संपूर्ण नाव.”

वहाब पटकन पुढं झाला. “मी सांगतो साहेब. पुं...”

“तुम्ही नको. तुमच्या बिल्ल्यामुळंच तर हा घोळ झाला,” नानासाहेब म्हणाले.

लग्नाला वीस वर्षं झाली होती. सरूबाईनं नवऱ्याला ‘हे’ म्हटलं होतं, ‘आमचं माणूस’ म्हटलं होतं, वहाबपुढं ‘तुमचा दोस्त’ म्हटलं होतं. नाव कधीच नाही. नानासाहेब मराठी माणूस, त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. “अडचण होत असेल तर... उखाण्यात घ्या. मी तेवढं नाव उचलून लिहितो.”

पलीकडच्या टेबलावरचा एक कारकून फिसकन हसला.

“उखाना लग्नात घेत्यात, साहेब,” सरूबाई म्हणाली.

हसणाऱ्यानं खाली मान घातली. सरूबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा हलले.

“पुंजाराम.”

“मोठ्यानं, बाई.”

“पुंजाराम सखाराम. राहणार बिडकीन. पळून गेले न्हाईत. ईदच्या दिवशी दोस्ताच्या जागी कामाला गेले आन तिथंच मेले. लिवा.”

टाक कागदावर कुरकुरत राहिला. वहाब भिंतीकडं तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

“लिहिलं,” नानासाहेब म्हणाले.

“मला वाचता येत न्हाई. तुम्ही वाचून दावा.”

नानासाहेबांनी वाचलं. पुंजाराम सखाराम, राहणार बिडकीन.

“पुन्यांदा.”

त्यांनी पुन्हा वाचलं, ह्या खेपेस जरा सावकाश. सरूबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग पदराचं टोक तोंडात धरून ओलं केलं आणि कपाळाला लावलं.